रस्त्यापासून फलाटापर्यंत

आगगाडीचा इतिहास सांगणारी जी पुस्तके आजवर आमच्या हाती आली, त्यांत पहिला मान इंजिनाला, दुसरा बोगदे खणणाऱ्या इंजिनिअरांना आणि तिसरा भांडवल उभे करणाऱ्या शेठजींना दिलेला आढळला. उतारूचा उल्लेख येतो तो आकड्यांत. अमुक दिवशी इतक्या हजारांनी प्रवास केला, एवढे सांगितले की ग्रंथकाराचे त्याच्याशी असलेले काम संपते. आम्ही आज या उतारूचाच इतिहास सांगणार आहोत, आणि तोही त्याच्या सबंध प्रवासाचा नव्हे. रस्ता सोडल्यापासून फलाटावर पाय टेकेपर्यंत, आणि फलाट सोडून पुन्हा रस्त्यावर येईपर्यंत जे अंतर त्याला तोडावे लागते, तेवढ्यापुरताच आमचा विषय आहे. अंतर पाहू गेले तर दोन-अडीचशे पावलांचे. परंतु गाडीत बसलेला उतारू हा एका परीने माल असतो. त्याला कोठे न्यायचे ते रूळ ठरवतात. स्थानकात मात्र तो स्वतःच्या पायांनी चालतो, वाट शोधतो, जिना चढतो, अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. म्हणून स्थानक बांधणाराने माणसाची किंमत काय धरली आहे, हे गाडीपेक्षा जिन्यावर अधिक चांगले कळते असे आमचे मत आहे.

उदाहरणादाखल आम्ही लंडन शहर घेतले आहे. भुयारी शहरी रेल्वे जगात प्रथम तेथे झाली आणि तिचे कागदपत्रही तेथे बरेच जपले गेले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. त्या कचेरीत एक खोड लागते, ती म्हणजे चौकशी-अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची. कारण मालकाला जे सांगायचे नसते ते बहुधा परिशिष्टात असते. लंडनच्या स्थानकांची आमची ओळख झाली ती या खोडीमुळे.

ही रेल्वे सुरू झाली १० जानेवारी १८६३ रोजी. बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी गेली, त्याला दहा वर्षे होत आली होती. पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा हा मार्ग. रस्ता उकरायचा, चर खणायचा, त्यावर कमान घालायची आणि वरून पुन्हा रस्ता करायचा, अशा रीतीने तो बांधला. पहिल्याच दिवशी सुमारे अडतीस हजार माणसे त्यातून गेली. गाडी ओढायला वाफेचे इंजिन. भुयारात धूर कोंडे, आणि उतारू खोकत खोकत जिना चढून वर येई. तरीही माणसे लोटली, कारण वर रस्त्यावर घोडागाड्यांची जी कोंडी होती तिच्यापुढे धूर परवडला.

या रेल्वेसाठी वीस वर्षे घसा कोरडा करणारा मनुष्य चार्ल्स पीअरसन. लंडन शहराच्या नगरपालिकेचा हा वकील. शहराच्या मधोमध एकेका खोलीत जी चार-चार बिऱ्हाडे राहत, त्यांना बाहेर मोकळ्या जागी राहता यावे आणि स्वस्त भाड्यात रोज कामावर येता यावे, हा त्याचा हेतू होता. उद्घाटनापूर्वी काही महिने, सप्टेंबर १८६२ मध्ये, तो वारला. आणि ज्यांच्यासाठी तो भांडला त्यांच्यातल्याच हजारोंची घरे त्या चरासाठी पाडली गेली, हेही सांगितले पाहिजे. ती माणसे बाहेर मोकळ्या जागी गेली नाहीत, शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागली. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाचे भाडे अनुक्रमे सहा, चार व तीन पेन्स होते. १८६४ पासून कंपनीने भल्या पहाटे कामगारांसाठी खास गाड्या सोडल्या आणि त्यांत तीन पेन्सात जाणे-येणे दोन्ही देऊ केले. म्हणजे सवलत होती, पण ती झोपेच्या किमतीत होती. ज्याचे काम आठाला सुरू होई तोही स्वस्त तिकिटासाठी सहाच्या आत येई आणि कारखान्याचे दार उघडेपर्यंत रस्त्यावर थांबे. पुढे १८८३ साली पार्लमेंटने कायदा करून अशा स्वस्त गाड्या सर्वच रेल्वे कंपन्यांवर लादल्या.

खोल भुयाराची गोष्ट १८९० ची. त्या वर्षी टेम्स नदीच्या खालून जाणारी, विजेवर चालणारी पहिली नळीसारखी रेल्वे सुरू झाली. येथे जिना पुरेना. इतक्या खोल माणसे उतरवायची तर लिफ्ट हवी. जुनी माणसे तिला पाळणा म्हणत. या रेल्वेने एक धाडस केले: वर्ग काढून टाकले आणि सर्वांना एकच भाडे ठेवले, दोन पेन्स. तिकीटही नाही, फिरत्या फाटकापाशी नाणे द्यायचे आणि आत जायचे. आमच्या मते वर्गभेदावरचा हा घाव कोणा सुधारकाने घातलेला नसून हिशेबनिसाने घातलेला आहे, पण घाव तो घावच. डब्यांना मात्र खिडक्या नावापुरत्या, अगदी छताजवळ. बोगद्यात पाहायला काय आहे, असा कंपनीचा सवाल! लोकांनी त्या डब्यांना वेड्यांच्या गादी लावलेल्या कोठडीची उपमा दिली. स्थानक कोणते आले हे कळायला मार्ग नव्हता. दाराशी उभा असलेला नोकर नाव पुकारी, तेवढाच आधार.

१९०० साली आणखी एक खोल रेल्वे आली, तिचेही भाडे दोन पेन्स. १९०६-०७ मध्ये आणखी तीन. लेस्ली ग्रीन नावाच्या वास्तुशिल्पकाराने यांची स्थानके गडद लाल चकचकीत विटांनी मढवली, आणि खाली फलाटावर प्रत्येक स्थानकाच्या फरशांचा रंग व नमुना वेगळा ठेवला. ग्रीन तेहतिसाव्या वर्षी वारला. त्याची लाल स्थानके अजून उभी आहेत.

लिफ्टचा स्वभाव असा की ती माणसांचे गठ्ठे बांधते. गाडी आली, शंभर माणसे उतरली, लिफ्टपाशी थांबली. लिफ्ट आली, निम्मी गेली, निम्मी राहिली. तोवर दुसरी गाडी. शिवाय प्रत्येक लिफ्टला माणूस हवा, म्हणजे प्रत्येक लिफ्टला पगार. या दोन्हींवर उपाय म्हणून ४ ऑक्टोबर १९११ रोजी अर्ल्स कोर्ट स्थानकात सरकता जिना बसवला. लोक बिचकू नयेत म्हणून कंपनीने एका लंगड्या मनुष्याला दिवसभर त्यावरून वरखाली फिरवला, अशी कथा आहे. खरी असो वा नसो, तिच्यात एक गोष्ट बरोबर सांगितली आहे: नव्या यंत्राची खात्री पटवायला शेवटी चालते-बोलते माणूसच पुढे करावे लागते. १९२८ साली पिकॅडिली सर्कस स्थानक नव्याने बांधले गेले, तेव्हा चौकाच्या खाली एक गोल दालन आणि त्यातून उतरणारे अकरा सरकते जिने, असा थाट झाला. चार्ल्स होल्डन हा त्याचा शिल्पकार. त्यानंतर लिफ्टवाल्यांचे काय झाले, हे आम्ही पुस्तकांत शोधले. पुस्तके सरकत्या जिन्याची उंची सांगतात.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे आणि डावी बाजू घाईवाल्यांना मोकळी ठेवावी, ही लंडनची रीत प्रसिद्ध आहे. २०१५ साली होबर्न स्थानकात एक प्रयोग केला. तेथला जिना फार उंच, त्यामुळे चालत चढणारे थोडे आणि डावी बाजू बहुतेक रिकामी. तेव्हा उतारूंना दोन्ही बाजूंना उभे राहायला सांगितले. तेवढ्याच वेळात जास्त माणसे वर गेली आणि खालची गर्दी कमी झाली. तरीही लोक रागावले. प्रयोग संपला, रीत कायम राहिली. घाईत असलेल्या थोड्यांसाठी उरलेले सगळे खाली खोळंबतात, आणि त्यांनाच हे सभ्यपणाचे वाटते. ही गोष्ट जिन्यापुरतीच खरी आहे असे नव्हे, पण तो आजचा विषय नाही.

वाट दाखवण्याच्या कलेत लंडनने जे केले त्याची तारीफ करावी तेवढी थोडी. १९०८ पासून फलाटावर स्थानकाचे नाव लाल वर्तुळावर निळ्या पट्टीत येऊ लागले. जाहिरातींच्या गर्दीत नाव हरवते ही उतारूची जुनी तक्रार होती. १९१६ साली एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराने या रेल्वेसाठी खास अक्षर घडवले, साधे, ठसठशीत, धावत्या गाडीतून वाचता येणारे. आणि १९३१ मध्ये हॅरी बेक या आरेखकाने रेल्वेचा नवा नकाशा काढला. हा सिग्नल खात्यातला हंगामी नोकर. फावल्या वेळात, कोणी सांगितले नसता त्याने तो केला. जमिनीखाली असलेल्या माणसाला वरची अंतरे कळून उपयोग नाही. कोणत्या स्थानकानंतर कोणते, आणि गाडी कोठे बदलायची, एवढेच त्याला हवे असते, हे त्याने ओळखले. सगळ्या रेषा सरळ, आडव्या-उभ्या किंवा तिरप्या. अधिकाऱ्यांनी आधी नाकारला, मग १९३२ साली थोड्या प्रती छापून पाहिल्या. लोकांनी त्या हातोहात नेल्या. बेकला मिळाल्या थोड्याशा गिन्या. १९६० साली त्याचे नावही नकाशावरून गेले. तो १९७४ साली वारला आणि त्यानंतर वीसएक वर्षांनी नाव परत छापले जाऊ लागले. जगातल्या बहुतेक शहरांच्या रेल्वेचे नकाशे आज त्याच्या धर्तीवर असतात. मुंबईच्या मेट्रोचाही आहे.

काही फलाट वळणावर आहेत. तेथे डबा आणि फलाट यांत फट राहते. १९६८ च्या सुमारास ध्वनिमुद्रित आवाजात ‘फट सांभाळा’ अशी सूचना सुरू झाली. एम्बँकमेंट स्थानकात ती ऑस्वाल्ड लॉरेन्स या नटाच्या आवाजात होती. तो २००७ साली वारला. त्याची पत्नी त्या फलाटावर केवळ तो आवाज ऐकायला जाऊन बसे. २०१२ च्या अखेरीस नवी यंत्रणा आली आणि आवाज बंद झाला. तिने चौकशी केली. तेथल्या कर्मचाऱ्यांनी जुनी मुद्रिका शोधून काढली, आणि २०१३ पासून त्या एका फलाटावर तो आवाज पुन्हा लावला. यंत्रणेत अशा विनंतीसाठी खाना नसतो. कोणीतरी माणूस असावा लागतो.

आता १९४० सालाकडे येऊ. बाँबहल्ल्यांत भुयारी स्थानकांत लोकांना आसरा द्यायचा नाही, असे सरकारचे धोरण युद्धाच्या आधीपासून ठरलेले होते. कारण काय? तर एकदा खाली गेलेली माणसे वर येणार नाहीत, कारखाने ओस पडतील. मजुराच्या धैर्याविषयी राज्यकर्त्यांचे हे मत. ७ सप्टेंबर १९४० रोजी लंडनच्या पूर्व भागावर, म्हणजे गोदीकामगारांच्या वस्तीवर, बाँबवर्षाव सुरू झाला. त्या लोकांना तळघर नव्हते, आणि अंगणच नसल्यामुळे अंगणात पत्र्याचा आसराही उभारता येत नव्हता. १४ तारखेला फिल पिराटिन या कम्युनिस्ट कार्यकर्त्याच्या पुढाकाराने सत्तर-ऐंशी पूर्व लंडनकर थेट सॅव्हॉय या श्रीमंती हॉटेलाच्या तळघरात जाऊन बसले. तेथल्या पाहुण्यांसाठी आसऱ्याची उत्तम सोय होती. बाकीच्यांनी त्याहून सोपी युक्ती काढली. त्यांनी सर्वांत स्वस्त तिकीट काढले, जिना उतरून फलाटावर गेले, अंथरूण पसरले आणि उठले नाहीत. तिकीट काढलेल्या उतारूला बाहेर कसे काढणार? कायद्याची कलमे अंगावर घेऊन लढणे आम्ही पुष्कळ पाहिले आहे, पण दीड-दोन पेन्सांच्या तिकिटाने सरकारचे धोरण फिरवल्याचा हा दाखला आम्हांला फार आवडतो.

काही आठवड्यांत सरकारने मान तुकवली. २७ सप्टेंबरच्या रात्री सुमारे १,७७,००० माणसे भुयारी स्थानकांत झोपली. फलाटांवर दोन पांढऱ्या रेघा मारल्या, एक कडेपासून आठ फुटांवर, दुसरी चार फुटांवर. संध्याकाळी उतारूंची वर्दळ असे तोवर झोपणारांनी पहिल्या रेघेमागे राहायचे, नंतर दुसरीपर्यंत पसरायचे. मग फळ्यांचे बिछाने आले, संडास आले, चहा व खाणे घेऊन गाडी येऊ लागली. हेन्री मूर या शिल्पकाराने त्या निजलेल्या रांगांची चित्रे काढली. तथापि यावरून सगळे लंडन भुयारात राहत होते असे कोणी समजू नये. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोजणी झाली, तेव्हा शेकडा चारच माणसे भुयारी स्थानकांत आढळली. बहुतेक आपापल्या घरीच होती. आणि भुयार म्हणजे अभयदान नव्हते. ऑक्टोबरात बालहम स्थानकावर बाँब पडून पाण्याचे नळ फुटले आणि साठांहून अधिक माणसे दगावली. जानेवारी १९४१ मध्ये बँक स्थानकात पन्नासांहून अधिक.

पण सर्वांत मोठा अपघात झाला तेथे बाँब पडलाच नाही. बेथ्नल ग्रीन हे पूर्व लंडनमधले अर्धवट बांधलेले स्थानक. रूळ पडलेले नव्हते, गाडी धावत नव्हती, म्हणून ते सबंधच आसऱ्यासाठी दिले होते. खाली हजारोंची सोय. आत जायला दार एक. दारातून एकोणीस पायऱ्यांचा जिना, खाली वळण, मग पुढची वाट. जिन्याच्या मध्ये कठडा नाही. पायऱ्यांच्या कडा ओबडधोबड. शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून उजेड एका मिणमिणत्या दिव्याचा. १९४१ साली तेथल्या नगरपालिकेने या दाराविषयी वर लिहिले होते: गर्दी लोटली तर हे लाकडी कुंपण टिकणार नाही, पक्के बांधकाम करायला परवानगी द्या. वरच्या कचेरीने खर्च अनाठायी ठरवला.

३ मार्च १९४३ च्या रात्री सव्वाआठच्या सुमारास भोंगा झाला. दोन दिवसांपूर्वी बर्लिनवर ब्रिटिश विमानांचा मोठा हल्ला झाला होता, त्याचा सूड येणार अशी सर्वांची अपेक्षा. माणसे घरांतून, चित्रपटगृहांतून, बसमधून उतरून येऊ लागली. तोवर सारे शिस्तीत होते. दहा मिनिटांनी जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून विमानविरोधी अग्निबाणांचा मारा झाला. हे अस्त्र नवे. असा आवाज कोणी ऐकला नव्हता. लोक दाराकडे रेटले. जिन्याच्या तळाशी एक बाई, कडेवर मूल, पाय घसरून पडली. तिच्यावर एक म्हातारा. मागच्यांना पुढचे दिसत नव्हते. मिनिटा-दीड मिनिटात सुमारे तीनशे माणसे त्या खोलीएवढ्या जिन्यात एकमेकांवर रचली गेली. १७३ गेली. त्यांत मुले ६२. पडलेली बाई वाचली, तिचे मूल वाचले नाही.

सरकारने लॉरेन्स डन या दंडाधिकाऱ्याकडून चौकशी करविली आणि अहवाल दाबून ठेवला. शत्रूला कळेल, लोकांचा धीर सुटेल, ही कारणे. अहवाल बाहेर नाही म्हटल्यावर अफवा बाहेर आल्या. कोणी म्हणे ज्यू लोक घाबरून धावले, कोणी म्हणे फॅसिस्टांनी मुद्दाम ढकलले. डन यांनी या दोन्ही गोष्टी साफ खोट्या ठरवल्या होत्या; पण ते कागद कुलपात होते. नगरपालिकेला आपण पूर्वी पत्र लिहिले होते हेही सांगण्याची मुभा नव्हती. शेवटी एका विधवेने दावा लावला आणि ती जिंकली. अहवाल १९४५ च्या आरंभी छापला गेला. जिन्याला मधला कठडा, पांढऱ्या रंगाच्या कडा, दाराशी पोलीस, ही सारी व्यवस्था मात्र अपघातानंतर लगोलग झाली होती. इतक्या लवकर जे होऊ शकले ते दोन वर्षे आधी का झाले नाही, याचे उत्तर अहवालात शोधावे लागत नाही. त्या स्थानकातून पहिली गाडी डिसेंबर १९४६ मध्ये सुटली. जिन्याच्या तोंडाशी उभारलेले स्मारक पुरे व्हायला २०१७ साल उजाडले.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी किंग्ज क्रॉस. १८ नोव्हेंबर १९८७, संध्याकाळचे साडेसात. १९३९ साली बसवलेला लाकडी सरकता जिना. भुयारात सिगारेट ओढण्याची बंदी १९८५ पासूनच होती. पण वर जाणारा उतारू बाहेर पडण्याच्या घाईत जिन्यावरच काडी ओढी. तशी एक जळती काडी फटीतून खाली पडली. खाली वर्षानुवर्षांचे वंगण, कागद, केस, धूळ. एका उतारूने तिकीट खिडकीवर येऊन सांगितले. कर्मचारी आला, पण आग कशी विझवायची याचे शिक्षण त्याला कोणी दिले नव्हते. जिन्याखाली पाण्याचे फवारे होते, ते कोणी सोडले नाहीत. खालच्या उतारूंना दुसऱ्या जिन्याने वर, म्हणजे तिकीटघराच्या दालनातच, आणले जात होते. गाड्याही थांबत होत्या, माणसे उतरत होती. पावणेआठाला ज्वाला जिन्याच्या पन्हळीतून एकाएकी उसळली आणि ते दालन पेटले. ३१ माणसे मेली. त्यांत अग्निशमन दलाचा अधिकारी कॉलिन टाउनस्ली होता. एका मृताची ओळख पटायला २००४ साल उजाडले.

चौकशी डेस्मंड फेनेल यांनी केली. त्यांचा अहवाल वाचताना एका शब्दापाशी आम्ही थबकलो. जिन्यांखाली आगी लागण्याचे प्रकार मागच्या तीस वर्षांत शेकडो झाले होते. पण व्यवस्थापन त्यांना आग म्हणत नसे, ‘धुमसणे’ म्हणे. गिरणीत बोट कापले की ‘किरकोळ इजा’ लिहायची, तसेच हे. आग म्हटले तर बंब बोलवावा लागतो. धुमसणे म्हटले की झाडू पुरतो. फेनेल यांनी १५७ शिफारशी केल्या. १९८९ साली भुयारी स्थानकांसाठी खास नियम झाले आणि स्थानक उघडे असताना किमान किती कर्मचारी हजर हवेत, हे कायद्याने ठरले. शेवटचा लाकडी सरकता जिना, ग्रीनफर्डचा, २०१४ साली निघाला.

आणि याच २०१४ साली तिकीट खिडक्यांचा झगडा सुरू झाला. ऑइस्टर नावाचे पत्ते २००३ साली आले होते, आता बँकेचे पत्तेही फाटकाला टेकवले की चालू लागले. मग खिडकीत माणूस कशाला? जवळजवळ सगळ्या खिडक्या बंद करण्याची योजना झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये कर्मचारी संघटनांनी अठ्ठेचाळीस तासांचा संप केला, तरी २०१५ च्या अखेरीपर्यंत खिडक्या गेल्या आणि त्यांबरोबर आठशेंहून अधिक जागा. व्यवस्थापनाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता: काचेआडचा माणूस दालनात आला तर उतारूच्या अधिक उपयोगी पडेल. पडलाही असता, काचेआडचे सगळे बाहेर आले असते तर. जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा संप झाला, शहराच्या मध्यभागातली बहुतेक स्थानके त्या दिवशी बंद राहिली, आणि मग काही शेकडा जागा परत भराव्या लागल्या. वृत्तपत्रांनी संप म्हणजे पगाराचे भांडण असे चित्र रंगवले. आम्ही मागणीपत्र पाहिले ते जिन्याच्या पायथ्याशी कोण उभे राहणार याविषयी होते. ज्याला जिनाच चढता येत नाही त्या अपंग उतारूची गोष्ट तर आणखी वेगळी. २७२ स्थानकांपैकी सुमारे एक-तृतीयांश स्थानकांतच त्याला पायरीवाचून फलाट गाठता येतो.

येथे कोणी विचारील की लंडनच्या जिन्यांशी आमचे काय नाते? नाते आहे, आणि ते परळचे आहे. एल्फिन्स्टन रोड व परळ ही शेजार-शेजारची स्थानके गिरणगावच्या पोटात वसलेली. गिरण्या चालू होत्या तेव्हा येथली गर्दी पाळीच्या भोंग्याने बांधलेली असे, आणि कामगार बहुतेक चाळींतून पायीच येई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो संपला असे कोणी जाहीर केले नाही, गिरण्या संपल्या. त्या जमिनींवर पुढे कचेऱ्यांचे मनोरे झाले. आता माणसे विरारहून, कल्याणहून, पनवेलहून येथे कामाला येऊ लागली, सगळी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, सगळी आगगाडीने. मनोऱ्यांचे नकाशे मंजूर करताना गाड्या ठेवायची जागा किती हे पाहिले जाई. पादचारी पुलाची रुंदी कोणाच्या नकाशात नव्हती. जिना गिरणीच्या काळाइतकाच अरुंद, आणि उतारू मात्र कितीतरी पट. नव्या पुलाची मागणी लोक करीत होते, लोकप्रतिनिधींनी पत्रे लिहिली होती, पूल कागदावर मंजूरही झाला होता.

२९ सप्टेंबर २०१७, सकाळचे साडेदहा. दुसऱ्या दिवशी दसरा. फुलवाल्यांची टोपली-गाठोड्यांसह ये-जा. एकाएकी पावसाची सर आली. छत्री नसलेले उतारू जिन्यावर, पुलाच्या आडोशाला थांबले. मागून दोन्ही स्थानकांच्या गाड्या माणसे ओतीत राहिल्या. फुलांचे गाठोडे पडले, ‘फूल पडले’ असा कोणीतरी आवाज दिला आणि तो ‘पूल पडला’ असा ऐकला गेला, अशी हकीकत तेव्हा छापून आली. पूल पडला नव्हता. बेथ्नल ग्रीनला बाँब पडला नव्हता, तसाच. २३ माणसे त्या जिन्यावर गुदमरून गेली.

पुढे काय झाले? लष्कराला पाचारण केले. एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली या तीन ठिकाणी लष्कराने पादचारी पूल उभारले. घोषणा ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस झाली आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते उतारूंना खुले झाले. त्याच वर्षी जुलैत स्थानकाचे नाव बदलून प्रभादेवी करण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो संपूर्ण सुरू झाली, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके. तिच्यातले आचार्य अत्रे चौक स्थानक सुरू होऊन तीन आठवडे झाले नव्हते, तोच २६ मे २०२५ च्या पावसात पाणी आत शिरून ते बंद ठेवावे लागले होते. सरकते जिने तेथे आहेत, लिफ्ट आहेत, तिकीट मोबाईलवर निघते. सभेला येणाऱ्या मंडळींपैकी जे त्या मेट्रोने जातात त्यांना आमचे सांगणे एवढेच, की एकदा वर येताना सरकता जिना सोडून शेजारच्या दगडी जिन्याने यावे. पायऱ्या मोजाव्यात, कठडा कोठे आहे आणि कोठे नाही ते पाहावे, आणि वर पोहोचेपर्यंत कामावरचा माणूस कोठे व किती दिसला तेही टिपून ठेवावे.